नायकाची किंमत : मुंबई संघाच्या एका हस्तांतराचा अर्थशास्त्रीय हिशेब

१. प्रश्नाचे स्वरूप

साधने मर्यादित आणि त्यांचे उपयोग अनेक, यांतून निवडीचा प्रश्न उद्भवतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात सांगितले जाते. परंतु व्यवहारात ही मर्यादा क्वचितच कडक असते. कारखानदारास भांडवल अपुरे पडले तर तो कर्ज काढतो. सरकारास महसूल अपुरा पडला तर ते तुटीचा अर्थसंकल्प मांडते. काही आधुनिक सांघिक स्पर्धांत मात्र ही वाट नियमानेच बंद केलेली असते. प्रत्येक संघास खेळाडूंच्या वेतनासाठी सारख्याच रकमेची थैली ठरवून दिलेली असते आणि संघाचा मालक कितीही धनाढ्य असला तरी वेतनापायी त्यास त्या थैलीबाहेर जाता येत नाही. अशा स्पर्धेत एका श्रेष्ठ खेळाडूसाठी संघाने काय द्यावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकास म्हणूनच विशेष उद्बोधक ठरतो.

याचे एक ठळक उदाहरण मुंबईत घडले. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी हार्दिक पंड्या हा अष्टपैलू खेळाडू गुजरात टायटन्स संघाकडून मुंबई इंडियन्स संघाकडे आला. त्याच सुमारास मुंबईने कॅमेरॉन ग्रीन हा ऑस्ट्रेलियन खेळाडू बंगळूरच्या संघास दिला. पुढे १५ डिसेंबर रोजी पंड्या कर्णधार झाल्याचे जाहीर झाले आणि बोरिवलीत वाढलेल्या, २०१३ पासून २०२० पर्यंत संघास पाच अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माचे कर्णधारपद संपले. या निर्णयाची चर्चा बहुतांशी कृतज्ञता व अवहेलना या शब्दांत झाली. ती चर्चा अस्थानी होती असे नव्हे. तथापि तीत मूळ प्रश्न बाजूस पडला. मुंबईच्या संघाने पंड्यासाठी नेमके काय दिले, आणि जे दिले त्याचे मोल कोणत्या मापाने मोजावयाचे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

२. अमेरिकेतील रूप : निवड-हक्कांचा व्यापार

या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म अभ्यास अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात झाला आहे. तेथील व्यावसायिक स्पर्धेत १९३६ पासून दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड क्रमवारीने होते. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला असेल त्यास प्रथम निवडीचा मान मिळतो. प्रत्येक फेरीतील ही पाळी म्हणजे एक हक्क असून तो दुसऱ्या संघास देता येतो; एवढेच नव्हे तर पुढील वर्षांचे हक्कही आज देता येतात. या खेळात ‘क्वार्टरबॅक’ हा प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू हाती घेऊन पुढील चाल ठरविणारा खेळाडू असतो. संघाचे भवितव्य त्याच्यावर इतके अवलंबून असते की, तसा एक समर्थ खेळाडू मिळावा म्हणून संघ अनेक वर्षांचे निवड-हक्क देऊन टाकतात.

अशा व्यवहारांची फळे भिन्न निघाली आहेत. २०१२ साली वॉशिंग्टनच्या संघाने सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क व दुसऱ्या फेरीचा एक हक्क सेंट लुईसच्या संघास दिला आणि रॉबर्ट ग्रिफिन यास घेतले. ग्रिफिनचा पहिला हंगाम अत्यंत उज्ज्वल झाला. परंतु जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि २०१६ साली त्या संघाने त्यास मुक्त केले. याउलट २०२१ साली लॉस एंजेलिस रॅम्स संघाने पहिल्या फेरीचे दोन व तिसऱ्या फेरीचा एक हक्क, शिवाय आपला विद्यमान क्वार्टरबॅक देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड यास आणले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अजिंक्यपद मिळविले. क्लीव्हलंडच्या संघाने २०२२ साली पहिल्या फेरीचे तीन हक्क व आणखी काही हक्क देऊन डेशॉन वॉटसन यास घेतले, त्यास २३ कोटी डॉलरचे संपूर्ण हमीचे वेतन देऊ केले. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो १९ सामनेच खेळू शकला.

केवळ उदाहरणांवरून नियम सांगता येत नाही. म्हणून कॅड मॅसी व रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडींचा हिशेब मांडला. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तीन निष्कर्ष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, वरच्या क्रमांकाच्या हक्कांची बाजारातील किंमत त्यांच्या वास्तविक उपयोगाहून बरीच अधिक असते. दुसरा असा की, निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता शेकडा ५२ च्या आसपासच असते. म्हणजे पारख करणाऱ्यांचा आत्मविश्वास त्यांच्या ज्ञानाहून फार मोठा असतो. तिसरा निष्कर्ष असा की, आजच्या एका हक्कासाठी संघ पुढील वर्षाचा इतका वरचा हक्क देतात की त्यातून वर्षाला शेकडा शंभराहून अधिक दराचे व्याज सूचित होते. सावकाराच्या दारात उभा असलेला गरजू कुळंबीही एवढे व्याज कबूल करावयास कचरेल.

३. वाढाव्याची संकल्पना

या विवेचनाच्या मुळाशी ‘वाढावा’ ही संकल्पना आहे. खेळाडूमुळे संघास जो उपयोग होतो त्याची बाजारभावाने होणारी किंमत, वजा त्यास द्यावे लागणारे वेतन, म्हणजे वाढावा. थैली अमर्याद असती तर संघाने केवळ श्रेष्ठत्व पाहिले असते. थैली बांधलेली असल्यामुळे त्यास वाढावा पाहावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका खेळाडूचा उपयोग १६ कोटी रुपयांचा असून त्याचे वेतन १५ कोटी आहे. दुसऱ्याचा उपयोग ३ कोटींचा असून वेतन २० लाख आहे. पहिला खेळाडू निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु त्याच्यापासून संघास १ कोटीचा वाढावा मिळतो, तर दुसऱ्यापासून २ कोटी ८० लाखांचा. सर्व संघांची थैली सारखी असल्याने जो संघ अंती वरचढ ठरतो तो अशा वाढाव्यांच्या बेरजेमुळे ठरतो. पुऱ्या बाजारभावाने विकत घेतलेल्या अकरा नामवंतांचा संघ हा थैलीच्या मानाने सरासरीच संघ असतो.

या तर्कास एक महत्त्वाची मर्यादा आहे. मैदानावर अकराच खेळाडू उतरतात. २ कोटी ८० लाखांचा वाढावा देणारे वीस खेळाडू जमविले तरी ते सर्व एकाच वेळी खेळू शकत नाहीत. म्हणून एकाच जागेत अधिक गुणवत्ता सामावणाऱ्या खेळाडूस वाढाव्याव्यतिरिक्त दुर्मिळतेचे असे एक मोल असते. क्वार्टरबॅकसाठी अमेरिकेत जे मोजले जाते त्याचे समर्थन येथे आहे, आणि फलंदाजी व गोलंदाजी ही दोन्ही कामे एका जागेत करणाऱ्या अष्टपैलू खेळाडूस क्रिकेटमध्ये जी मागणी असते तिचेही मूळ येथेच आहे.

४. दोन प्रकारचे रुपये

आयपीएल स्पर्धेत निवड-हक्कांची क्रमवारी नाही. तेथे लिलाव आहे. त्यामुळे निवड-हक्कांचे स्थान थैलीतील रकमेने घेतले आहे. वेतनाची ही थैली २०२२ च्या हंगामासाठी ९० कोटी, २०२३ साठी ९५ कोटी, २०२४ साठी १०० कोटी व २०२५ साठी १२० कोटी रुपयांची होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संघाजवळ दोन प्रकारचे रुपये असतात. एक थैलीतील रुपया व दुसरा तिजोरीतील रुपया. थैलीतील रुपया मोजका असतो. तो एका खेळाडूवर खर्च झाला की दुसऱ्यासाठी उरत नाही. तिजोरीतील रुपया मालकाच्या ऐपतीवर अवलंबून असतो. एका संघाकडून दुसऱ्याकडे खेळाडू जाताना जे हस्तांतर-शुल्क दिले जाते ते तिजोरीतून जाते. थैलीतून केवळ खेळाडूचे वेतन वजा होते. पंड्याच्या बाबतीत वेतन १५ कोटी होते व शुल्काचा आकडा जाहीर करण्यात आला नाही. सामान्य चर्चेत कुतूहल होते ते या गुप्त आकड्याविषयी. परंतु संघाच्या बलाबलाच्या दृष्टीने तो आकडा गौण आहे. तिजोरीतील रुपया खर्च केल्याने मालक गरीब होईल, पण संघ दुबळा होत नाही. संघाचा खरा परिव्यय थैलीतील रुपयांत व त्या रुपयांनी जे अन्य खेळाडू मिळाले असते त्यांच्यात मोजावयाचा असतो. अर्थशास्त्रात यालाच पर्यायी परिव्यय म्हणतात.

५. परत घेण्याची किंमत

पंड्याचा आर्थिक इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१५ साली मुंबईने त्यास १० लाख रुपयांत घेतले. त्या वेळी तो देशाकडून खेळलेला नव्हता, त्यामुळे त्याची किंमत पायाभूत दराइतकीच राहिली. २०१८ साली संघाने त्यास ११ कोटी रुपयांवर राखून ठेवले. २०२२ च्या मोठ्या लिलावापूर्वी चारच खेळाडू राखता येत होते. तेव्हा मुंबईने रोहित शर्मा (१६ कोटी), जसप्रीत बुमरा (१२ कोटी), सूर्यकुमार यादव (८ कोटी) व कायरन पोलार्ड (६ कोटी) यांस ठेवले. पंड्या मोकळा झाला. नव्याने आलेल्या गुजरात संघाने त्यास १५ कोटींवर घेऊन कर्णधार केले. त्या संघाने २०२२ साली अजिंक्यपद व २०२३ साली उपविजेतेपद मिळविले. मग मुंबईने त्यास परत घेतले. जो खेळाडू १० लाखांत असताना संघास प्रचंड वाढावा देत होता, तोच १५ कोटींत परत आला तेव्हा वाढाव्याचा बहुतेक भाग लोपला होता.

मुंबईस हा अनुभव नवा नव्हता. रोहित शर्मा बालपणी आजोबांकडे बोरिवलीत राहावयास आला. तेथील स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचे गुण हेरले आणि त्याचे शालेय शुल्क माफ करवून घेतले. २००८ साली मात्र या उपनगरातील खेळाडूस हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाने साडेसात लाख डॉलरला घेतले. मुंबईस तो मिळाला २०११ च्या लिलावात, २० लाख डॉलरला. चेंबूरच्या अणुशक्तिनगरात वाढलेला सूर्यकुमार यादव २०१२ साली मुंबईकडून एक सामना खेळला; २०१४ साली कोलकात्याच्या संघाने त्यास ७० लाखांत नेले आणि २०१८ साली मुंबईने ३ कोटी २० लाखांत परत आणले. बोरिवलीच्या त्याच शाळेत लाड यांच्या हाताखाली तयार झालेला, मूळचा पालघरचा शार्दूल ठाकूर नोव्हेंबर २०२५ मध्ये लखनौच्या संघाकडून २ कोटींच्या वेतनावर हस्तांतरित होऊन मुंबईकडे आला.

या व्यवहारांत एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. शर्मा व यादव परत आले तेव्हा त्यांची कीर्ती त्यांच्या भावी कामगिरीहून लहान होती; म्हणून मोठी किंमत देऊनही वाढावा उरला. पंड्या परत आला तेव्हा त्याची कीर्ती शिखरावर होती. किंमत सारख्याच मार्गाने वाढली असली तरी ती कोणत्या क्षणी दिली गेली, यावर तिचे फळ अवलंबून राहते.

६. नोव्हेंबर २०२३ मधील जमाखर्च

निर्णयाचे मूल्यमापन करताना, तो घेतेवेळी जे ठाऊक होते तेवढेच धरावयास हवे. त्या दृष्टीने प्रथम जमेच्या बाजू पाहाव्यात.

पहिली बाब थैलीची. ग्रीनचे वेतन १७ कोटी ५० लाख होते, पंड्याचे १५ कोटी. दोन्ही व्यवहार एकत्र धरले तर थैलीत २ कोटी ५० लाखांची बचतच झाली. दुसरी बाब जागेची. अकरा खेळाडूंत परदेशी खेळाडू चारच घेता येतात. ग्रीन गेल्यामुळे परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी झाली आणि भारतीय अष्टपैलू खेळाडू, जो या स्पर्धेत फार दुर्मिळ, तो मिळाला. तिसरी बाब भवितव्याची. शर्मा तेव्हा ३६ वर्षांचा होता व पंड्या ३० वर्षांचा. नेतृत्वाचा वारसा कधीतरी ठरवावा लागणारच होता.  

आता खर्चाच्या बाजू. ग्रीन हा २४ वर्षांचा होता. २०२३ च्या हंगामात त्याने ४५२ धावा काढल्या होत्या, त्यांत वानखेडे मैदानावरील ४७ चेंडूंतील शतक होते. पंड्याचा घोटा १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्यातील विश्वचषक सामन्यात दुखावला होता. म्हणजे दुखापतीचा धोका केवळ संभाव्य नव्हता, तो डोळ्यांपुढे होता. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. २०२३ च्या हंगामापासून सामन्याच्या मध्यावर एक बदली खेळाडू उतरविण्याची मुभा देण्यात आली. त्यामुळे एक निष्णात फलंदाज व एक निष्णात गोलंदाज यांनी मिळून एक जागा भरणे शक्य झाले. अष्टपैलू खेळाडूचे दुर्मिळतेचे मोल या नियमाने कमी केले. मोल घटत असताना पूर्वीच्या भावाने केलेली ही खरेदी होती.

शेवटची बाब नेतृत्वाच्या सातत्याची. ती थैलीत मोजता येत नाही, म्हणून तिची किंमत शून्य धरण्याची चूक सहज होते. एखाद्या संस्थेतील परस्परविश्वास हेही भांडवलच होय. ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पण खर्च झाले की त्याची उणीव जाणवते. अमेरिकेतील क्वार्टरबॅक सहसा रिकाम्या जागी येतो, किंवा स्टॅफर्डप्रमाणे पूर्वीचा खेळाडू त्याच व्यवहारात निघून जातो. मुंबईत मात्र पूर्वीचा नायक त्याच अकरांत राहिला आणि नवा नायक त्याच्यावर नेमला गेला. या व्यवस्थेचा परिव्यय अधिक असणे स्वाभाविक होते.

७. निकाल आणि निर्णय

२०२४ च्या हंगामात मुंबईचा संघ १४ पैकी ४ सामने जिंकून दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. पंड्याने २१६ धावा केल्या व ११ बळी घेतले. अहमदाबादेत आणि वानखेडेवरही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. तिकडे गुजरातने मोकळ्या झालेल्या थैलीतून लिलावात खरेदी केली, तरी तो संघ आठव्या क्रमांकावर घसरला. म्हणजे एका हंगामापुरते पाहता या व्यवहारात दोन्ही पक्षांचे नुकसान झाले. बाजारातील प्रत्येक स्वेच्छेच्या विनिमयाने उभयतांचा लाभ होतो, या पाठ्यपुस्तकी विधानास हा चांगला अपवाद ठरतो. कारण लाभ होतो तो अपेक्षेने, निकालाने नव्हे.

परंतु या निकालावरून निर्णय चुकीचा ठरविणे घाईचे होईल. मुंबईचा संघ २०२२ सालीही शेवटचाच होता, आणि तेव्हा पंड्या संघात नव्हता. त्या वर्षी चार खेळाडूंवर ४२ कोटी गेल्यावर उरलेल्या ४८ कोटींपैकी १५ कोटी २५ लाख ईशान किशनवर व ८ कोटी जोफ्रा आर्चरवर खर्च झाले. आर्चर दुखापतीमुळे त्या हंगामात खेळणार नाही, हे आधीच ठाऊक होते. उरलेल्या थैलीपैकी जवळजवळ निम्मी रक्कम अशा रीतीने दोघांवर गेली. संघाचा तळ पोकळ झाला होता तो तेव्हापासून. उलट २०२३ साली संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला, त्यात २० लाख रुपयांच्या आकाश मधवालने लखनौविरुद्ध ५ धावांत ५ बळी घेतले होते. वाढावा कोठे सापडतो, हे त्या एका सामन्याने दाखविले.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे अखेरचे षटक पंड्याने टाकले आणि भारत ७ धावांनी विजयी झाला. पाच दिवसांनी, ४ जुलै रोजी, त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. दोन महिन्यांत खेळाडूची गुणवत्ता पालटली नव्हती. पालटले ते त्याच्याविषयीचे मत. मोजक्या सामन्यांवरून मोल ठरविण्याची प्रवृत्ती प्रेक्षकांत असते तशीच ती संघचालकांतही असते, आणि मॅसी व थेलर यांनी दाखविलेला अवाजवी आत्मविश्वास तिच्यातूनच उपजतो.

२०२५ साठी मुंबईने बुमरा, यादव, पंड्या, शर्मा व तिलक वर्मा या पाचांस राखण्यासाठी ७५ कोटी, म्हणजे थैलीचा शेकडा ६२.५ हिस्सा दिला. २०२२ साली हेच प्रमाण शेकडा ४७ च्या आत होते. एवढे असूनही २०२५ मध्ये संघ चौथा आला, बाद फेरीत त्याने गुजरातलाच हरविले आणि अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर तो पंजाबकडून पराभूत झाला. वरकरणी हे उदाहरण वाढाव्याच्या तत्त्वास छेद देणारे वाटेल. परंतु त्या पाचांतील वर्मा २०२२ साली १ कोटी ७० लाखांत आलेला होता आणि ८ कोटींत राहिला. उरलेल्या ४५ कोटींतही संघाने त्या वर्षी एकाच नावावर बहुतेक रक्कम लावली नाही.

८. कबड्डीची साक्ष

क्रिकेटमधील उदाहरणे थोडी आहेत. म्हणून त्याच प्रकारची थैली असलेल्या प्रो कबड्डी स्पर्धेकडे पाहणे उपयुक्त होईल. २०१८ साली यू मुंबा संघाने कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाई या चढाईपटूस ३६ लाख ४० हजारांत घेतले. त्याने त्या हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्यास १ कोटी ४५ लाख दिले. थैली ४ कोटी ४० लाखांची होती; म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रक्कम एका खेळाडूवर गेली. देसाईने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळविले. किंमत चुकली असे कोणीही म्हणू शकले नसते. तरीही टायटन्स तळाजवळ राहिले आणि त्यास गमावलेला यू मुंबा उपांत्य फेरीत गेला. खेळाडू यशस्वी होऊनही खरेदी अयशस्वी होऊ शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

२०२२ साली तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत यास २ कोटी २६ लाखांत घेतले. थैलीचा अर्ध्याहून अधिक भाग त्यात गेला. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला व हंगामास मुकला. संघ कोसळेल अशी अपेक्षा होती. परंतु नरेंदर हा नवखा चढाईपटू पुढे आला, त्यानेही दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. जो नायक विकत घेतला होता त्याची जागा, न शोधता सापडलेल्या खेळाडूने भरून काढली.

९. वाढावा कोणाचा?

सारांश, नायकाची किंमत मोजताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : तिजोरीतून गेलेले द्रव्य, थैलीतून गेलेले द्रव्य, आणि थैलीबाहेर राहिलेले विश्वासाचे भांडवल. पहिल्या गोष्टीची चर्चा सर्वांत अधिक होते व तिचे महत्त्व सर्वांत कमी असते. नायक घेऊ नये असा याचा अर्थ नाही. स्टॅफर्डच्या उदाहरणात संघ आधीच सिद्ध होता, उणीव एका जागेची होती. अशा वेळी दुर्मिळतेसाठी वाढावा सोडणे शहाणपणाचे असते. तळ पोकळ असताना केलेली तीच खरेदी गळक्या छपराखाली संगमरवरी फरशी घालण्यासारखी होते.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो खेळापेक्षा मोठा आहे. संघाचा वाढावा म्हणजे, दुसऱ्या बाजूने पाहता, खेळाडूस न मिळालेले वेतन होय. २०१५ साली १० लाखांवर खेळणाऱ्या पंड्याने जो उपयोग दिला त्याचा बहुतांश मोबदला त्यास तीन वर्षांनी मिळाला. नमन धीर २०२४ साली २० लाखांत आला आणि पुढील वर्षी ५ कोटी २५ लाखांत राहिला; परंतु २०२४ साली ज्यांचा हात वा गुडघा मोडला त्या नवख्यांना पुढचे वर्ष उगवत नाही. ज्या व्यवस्थेत स्वस्त खेळाडूंच्या वाढाव्यावर अजिंक्यपदे उभी राहतात, तीत जोखीम खेळाडूकडे व लाभ संघाकडे जातो.

या साखळीच्या आरंभी आणखी एक गुंतवणूकदार असतो. २० लाख डॉलरच्या खेळाडूवरील पहिली गुंतवणूक बोरिवलीतील एका शाळेने माफ केलेल्या शुल्काच्या रूपाने झाली होती. हस्तांतर-शुल्क संघ संघास देतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००१ पासून असा नियम केला आहे की, खेळाडूस घडविणाऱ्या संस्थांना त्याच्या पुढील हस्तांतराच्या रकमेतील लहानसा वाटा मिळावा. त्या धर्तीवर उपनगरांतील शाळा व मैदाने यांना वाटा द्यावयाचा तर तो तिजोरीतील रुपयातून देता येईल. थैलीस त्याचा स्पर्शही होणार नाही आणि स्पर्धेच्या समतोलास धक्का लागणार नाही.